डायवरमामांची खोबण

डायवरमामा चहाची बशी दोन्ही हातांनी धरत, आणि ती त्यांच्या हातांत कधी स्थिर राहत नसे. किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, अशी ती सारखी फिरत असे. चहा तिच्यात हेलकावत असे, पण सांडत नसे. समोर बसलेल्या माणसाला थोड्या वेळाने आपणही कुठल्यातरी चालत्या वाहनात बसलो आहोत असे वाटू लागे, आणि तो उगाचच बाकाची कड धरून ठेवी. मामांना हे कुणी सांगितले तर ते बशीकडे पाहत, हसत आणि म्हणत, "सवय हाय. बसलो की गाडी चालू होती."

त्यांनी आयुष्याची निम्मी वर्षे ट्रकवर काढली होती. मग डाव्या डोळ्यात पडदा आल्यासारखे झाले. डॉक्टरांनी डोळ्यामागची नस सुकल्याचे सांगितले. मामांनी ते ऐकले, पण मानले नाही. "धूसर दिसतंय जरा. धूळ लई खाल्ली ना. जाईल," एवढेच त्यांचे त्यावरचे भाष्य असे. पुढे एका बैलगाडीच्या चाकाला त्यांच्या ट्रकची डावी बाजू घासली. कुणाला खरचटलेदेखील नाही. पण ट्रकमालकाने त्यांना घरी बसवले. गाडीवान चुकीच्या बाजूने आला होता, असे मामा शपथेवर सांगत.

नगरजवळच्या नागापूरची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती आकार घेत होती. तिथे हाजीसाहेबांचा ट्रकच्या बॉड्या बांधण्याचा कारखाना होता. कंपनीतून ट्रक येई तो नुसता सांगाडा, चाके आणि इंजिन घेऊन. मागची सारी बॉडी आमच्यासारख्या कारखान्यांत लाकडाची बांधली जाई. हाजीसाहेबांची आणि मामांची जुनी ओळख. त्यांनी मामांना कामावर घेतले आणि माझ्या टेबलाशी आणून उभे केले. मी तिथलाच कारागीर, तेव्हा पंचविशीच्या आतला. तंत्रशाळेतून सुतारकाम शिकून आलेला, आणि आपल्याला सगळे मोजता येते अशा समजुतीत वावरणारा.

"याला खोबण काढायला शिकव," हाजीसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले. "खंडेनवमीपर्यंत बघ. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर तू मला सांग, मी त्याला सांगतो. तू तुझ्या तोंडानं बोलू नको, बाबा. तुझं तोंड फार सरळ आहे."

मला त्या वेळी ती स्तुती वाटली होती.

धान्याच्या ट्रकची बॉडी फार जपून करावी लागे. दोन्ही बाजूंना उभे खांब, खांबांच्या अंगात उभी खोबण, आणि खोबणीत वरून सरकवलेल्या फळ्या. फळी आपल्या वजनाने खाली उतरली पाहिजे, आणि उतरल्यावर तिच्या कडेने दाणा गळता कामा नये. हाजीसाहेबांची परीक्षा ठरलेली होती. ते सांध्याशी आतून मूठभर राळे ओतत आणि बाहेरून फळीवर बुक्की मारत. राळ्याचा दाणा तो केवढा! पण एक जरी बाहेर आला तरी म्हणत, "काढा. परत करा. अक्षता टाकत जायला ही काय वरात आहे?"

ते दुष्काळाचे वर्ष होते. रेल्वेच्या मालधक्क्यावर मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, पोती उतरत होती, आणि ती गावोगाव पोचवायला ट्रक पुरत नव्हते. हाजीसाहेबांचा हा विनोद त्या वर्षी कुणाला फारसा हसवत नव्हता.

मामांची कामावर येण्याची एक रीत होती. ते आल्याबरोबर हातोडीने माझ्या टेबलाचे चारही पाय ठोकून पाहत, ट्रकची हवा पाहतात तसे. मग उजव्या खांद्यावरून मागे एक नजर टाकत आणि म्हणत, "चला मास्तर, सोडा ब्रेक." सगळे हसत. मी हसत नसे. मला वाटे, या माणसाला कामाचे गांभीर्य नाही. टेबलाचे पाय ठोकून घेतल्याखेरीज आपण एका अनोळखी कामावर चढतो आहोत हे त्यांना सोसत नव्हते, असे आज वाटते.

खोबणीचा रंधा इतर रंध्यांपेक्षा वेगळा असतो. त्याचे पाते बोटाएवढे अरुंद, आणि त्याच्या बाजूला एक पट्टी असते. ती पट्टी लाकडाच्या कडेला टेकवायची. डाव्या हाताने ती कडेशी दाबून ठेवायची आणि उजव्या हाताने रंधा पुढे ढकलायचा, एवढेच काम. नवा माणूस यात दोन चुका करतो. पहिली म्हणजे जवळच्या टोकाला रंधा लावून एका दमात पलीकडे जायला बघतो. तसे केले की पाते भरकटते. खोबण पलीकडच्या टोकापासून सुरू करायची असते: तिथे आखूड फटके, मग एक पाऊल मागे येऊन जरा लांब, मग आणखी मागे. मी हे सांगितले तेव्हा मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हंजे मुक्कामाला आदी पोचायचं, आन् मग निघायचं?"

"असंच समजा."

"आन् समदा रस्ता रिव्हर्समधी?"

"रंधा पुढेच जातो, मामा. माणूस मागे सरकतो."

"लई अवघड रूट दिला की वो," ते म्हणाले. पण ही चूक त्यांनी लवकर सुधारली.

दुसरी चूक सुधारेना. त्यांची खोबण सरळ जातच नव्हती. लाकूड वाया जाऊ नये म्हणून मी त्यांना बाभळीचे तुकडे दिले, पट्टी पुन्हा पुन्हा घट्ट केली, पात्याला धार लावून दिली. तरी खोबण निघे ती नागमोडी. ती वेडीवाकडी असती तर मला समजले असते. पण तिची वळणे अगदी एकसारखी असत. शेजारच्या टेबलावरचे कारागीर येऊन पाहत आणि म्हणत, "मामा, करंजी घाट काढला का आज?"

"घाट तर घाट," मामा म्हणत. "पर गाडी दरीत तर न्हाई घातली!"

अशा वेळी त्यांचे हसू मोठे असे, आणि हसू ओसरले की ते त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहत. मग एकाएकी उठून दारापर्यंत जाऊन येत. मनमाड रस्त्यावरून ट्रक गेला की न पाहता सांगत, "भरल्याली हाय," किंवा "हिचा क्लच गेला." दिवसातून अशा किती खेपा होत! मला राग येई. मी कुणावर आवाज चढवणारा माणूस नव्हे, आजही नाही. पण हलक्या आवाजातही माणसाला टोचता येते. मी त्यांचा तुकडा उचले, काटकोनाचा गुण्या लावून पाही, आणि काही न बोलता भंगारात ठेवी. "काय झालं, मास्तर?" असे ते विचारत, तेव्हा मी म्हणे, "काही नाही." आज मी विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि 'काही नाही' हे दोन शब्द वर्गात उच्चारायचे नाहीत असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

एके दिवशी मी त्यांना विचारलेच, "पट्टी कडेला टेकलेली आहे. कड सरळ आहे. मग तुम्ही हात हलवता कशाला?"

ते खरोखरच गोंधळले. "न हलवून कसं चालंल? मास्तर, सरळ रस्त्यावर गाडी आपली आपन सरळ जात न्हाई. तिला सरळ ठेवावी लागती. जरा हिकडं, जरा तिकडं. हात थांबला की गाडी गेली खाली."

तेव्हा मला त्या एकसारख्या वळणांचा उलगडा झाला. ती चूक आळसाची नव्हती, अज्ञानाचीही नव्हती. इतक्या वर्षांत ज्या सवयीने त्यांना जिवंत ठेवले होते, तीच त्यांच्या हातून लाकडात उतरत होती. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यासारखे एकच काम करत होते. एक वर जाई तेव्हा दुसरा खाली येई. इथे मात्र सरळपणा कडेत असतो, हातात नसतो. हाताने तो आणायचा नसतो, कडेकडून नुसता घ्यायचा असतो. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते समजले आणि पटलेही. दुसऱ्या दिवशीची खोबण नागमोडीच निघाली.

त्याच सुमारास शेवगावचे एक आडतवाले शेठ कारखान्यात येऊ लागले. त्यांचा नवा ट्रक आमच्याकडे बॉडीसाठी लागला होता, आणि मिलोच्या वाहतुकीचे काम त्यांच्या हाती आले होते. त्यांनी मामांना ओळखले. "अरे, तू हितं रंधा मारतोस? गाडी घे माझी. बॉडी झाली की तूच घेऊन चल."

"डोळा जरा धूसर हाय, शेठ."

"एक हाय ना चांगला? रस्ता काय दोन हायेत?" शेठ स्वतःच्या विनोदावर हसले. "डायवर मिळंना झालेत. कोन बघतंय डोळे?"

मामा पुन्हा रंध्याकडे वळले. पण त्या दिवसापासून ते दाराशी जाईनासे झाले. ते सरळ त्या ट्रकपाशी जात आणि बंद इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभे राहत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामी कारखान्याच्या फाटकाशी आल्या. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि बाजारच्या दिवशी काम बंद असे. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली, "भाऊ, जरा हिकडं या." मी गेलो.

"खंडेनवमीला तुमी सांगनार हाये म्हनं, ह्यांला ठेवायचं का न्हाई ते."

"हाजीसाहेब ठरवतील, मामी."

"तुमच्या सांगन्यावरच ठरवतील. ह्यांला पास करा, भाऊ."

"खोबण अजून वाकडी येते. फळी अडकेल."

"अडकू द्या! अडकल्याली फळी काढता येती." त्या एकदम मोठ्याने बोलल्या, आणि मग त्यांनी आवाज खाली घेतला. "ह्यांला डावीकडचं काय बी दिसत न्हाई. धूसर न्हाई, काळं हाय समदं. डाव्या अंगानं नात रांगत आली तर पायाखाली येती. आन् हे म्हनत्यात, शेवगावची गाडी घेतो. भाऊ, त्या रस्त्याला खडीची कामं चालू हायेत. आमी बाया रस्त्याच्या डाव्या अंगाला बसतो, रांगच्या रांग. पोरं मागं पदराच्या सावलीत निजवल्याली."

मी म्हणालो, "बघतो." याहून दुबळा शब्द आपल्या भाषेत नसेल.

नंतरचे दिवस मला आजही अंगावर येतात. वाकडी खोबण सरळ म्हणून सांगितली, तर हाजीसाहेबांच्या विश्वासाला तडा जाई, आणि वाटेत मिलो सांडे, तोही उपाशी माणसांच्या तोंडचा. खरे सांगितले, तर मामा त्याच दिवशी ट्रकवर चढणार. एका पारड्यात दाणे होते आणि दुसऱ्यात माणसे. निवड तर उघड होती. तरी माझी जीभ वळत नव्हती. वाकड्याला सरळ म्हणण्याची मला भीती वाटत होती, आणि ती भीती प्रामाणिकपणाची किती आणि माझ्या नावाची किती, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. आजही येत नाही. मामी गेल्यावर मी मामांना अधिकच राबवू लागलो. ते घाम पुसत म्हणत, "मास्तर, तुमी तर माज्यापेक्षा घाईत हाये!"

खंडेनवमी जवळ आली होती. एका दुपारी भाकरी खाऊन आम्ही टेबलापाशीच टेकलो होतो. मामा आपल्या पहिल्या ट्रकची गोष्ट सांगत होते. तो ट्रक जुनाट होता आणि चढावर त्याचा गेर सुटत असे. "करंजी घाटात दुसरा गेर टाकला की दांडा डाव्या हातानं दाबून धरायचा. वरपातूर. उजवा हात स्टेरिंगवर, डावा दांड्यावर. हात ढिला पडला की गेर भाईर, आन् गाडी मागं. खांदा भरून यायचा, पर डावा हात हलवायचा न्हाई."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मामा, कसा धरायचात? दाखवा."

त्यांनी हवेत दाखवले: कोपर अंगाशी, तळवा आतल्या बाजूने टेकलेला, खांद्याचा सगळा भार त्यावर. मी उठलो, खांब शिकंज्यात आवळला, खोबणीचा रंधा त्यावर ठेवला आणि त्यांचा डावा हात धरून पट्टीवर टेकवला.

"हा तुमचा दुसरा गेर. सुटतोय. घाट संपेपर्यंत सोडायचा नाही."

"आन् उजवा?"

"उजव्याने नुसतं ढकलायचं."

त्यांनी पलीकडच्या टोकाला पहिला आखूड फटका मारला. मग दुसरा. एक पाऊल मागे. पात्यातून छिलका बाहेर पडू लागला. मामांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. डावा हात जणू लाकडातच रुतला होता. ते मागे मागे येत गेले आणि फटका लांब लांब होत गेला. शेवटी छिलका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता निघाला आणि त्यांच्या पायांवर पडला. मी मापाची पट्टी लावून पाहिले. खोबण सरळ होती.

मी आनंदाने काहीतरी बोललो असेन. मामा उजव्या तळहाताकडे बघत होते.

"ह्या हाताला कामच ऱ्हायलं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "ह्यो नुसता हमाल झाला."

मी वाकून तो छिलका उचलला.

शेवगावच्या ट्रकचे मागचे दोन खांब मामांनी केले. खंडेनवमीला सकाळी आम्ही हत्यारे धुऊन मांडली. त्या वर्षी झेंडूची फुले मोजकीच मिळाली. एकेका हत्यारावर एकेक पाकळी वाहिली. पूजा आम्ही कारागीर करत असू. हाजीसाहेब टोपी घालून बाजूला उभे राहत, नारळ आणि पेढे त्यांच्याकडून असत. पूजा झाल्यावर ते ट्रकवर चढले आणि मागच्या खांबांत फळी सोडली. ती सरसर खाली उतरली. त्यांनी राळे ओतले, बुक्की मारली, आणखी एक मारली. मग वाकून बाहेरून बोट फिरवले आणि ते बोट आम्हाला दाखवले. त्यावर एक दाणाही नव्हता.

"का रे?" त्यांनी मामांकडे मान करून मला विचारले.

"तयार आहेत," मी म्हणालो. इतक्या दिवसांची माझी धास्ती त्या दोन शब्दांत उतरून गेली. निदान मला तसे वाटले.

तेवढ्यात शेवगावचे शेठ आले. त्यांनी बॉडी पाहिली, पेढा तोंडात टाकला, आणि खिशातून किल्ली काढून मामांच्या हातावर ठेवली. "चल. मालधक्क्यावर मिलो आलाय. भरू आन् निघू."

मामांनी किल्ली घेतली.

ते ट्रकभोवती एक फेरी मारून आले. चाके ठोकून पाहिली. वर चढून बसले, आणि इंजिन सुरू झाले. मी हाजीसाहेबांकडे पाहिले. हाजीसाहेब जमिनीकडे पाहत होते. मी ट्रककडे पुढे झालो. मामांनीच हाक मारली.

"मास्तर, डाव्या बाजूला जाऊन उभे ऱ्हा."

मी वळसा घालून डावीकडे गेलो आणि डाव्या दारापासून चार हातांवर, चाकाच्या जरा पुढे उभा राहिलो. मामा समोर फाटकाकडे पाहत होते, रस्त्यावर असल्यासारखे.

"उभे ऱ्हायलात?"

"उभा आहे."

"हात करा."

मी हात वर केला, आणि मग दोन्ही हात हलवले.

"केला का?"

"केला, मामा."

इंजिन तसेच चालू राहिले. मामांनी मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरले आणि शेठना किल्ली दिली.

"शेठ, मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. दुसरा मानूस बघा."

"अरे, पर सावकाश..."

"दिसतच न्हाई," मामा म्हणाले. "माज्या घरची मंडळी त्याच रस्त्याला बसती."

पुढे मामा आमच्याकडे बरीच वर्षे राहिले. नवीन येणाऱ्यांना खोबण तेच शिकवत, आणि माझ्यापेक्षा चांगली शिकवत. मग लोखंडी बॉड्या आल्या, आमचा कारखाना बंद झाला, आणि मी शिकवण्याच्या नोकरीत शिरलो. मामा जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला आहे. मी त्यांना पास केले असे लोक म्हणत. ते खरे नव्हे. माझा 'तयार आहेत' हा निकाल त्यांना ट्रकवरून उतरवू शकला नसता. त्यांनी स्वतःची परीक्षा स्वतः घेतली. माझे काम डाव्या बाजूला उभे राहून हात वर करण्याएवढेच होते.

खंडेनवमीच्या त्या संध्याकाळी आम्ही दोघे राहुरीहून येणाऱ्या एस.टी.त बसलो. मामांना खिडकी दिली. थोडा वेळ ते समोरच्या काचेतून रस्ता पाहत होते. मग म्हणाले, "मास्तर, चालत्या गाडीत म्या जल्मात कदी डोळा लावला न्हाई."

"आज लावा."

त्यांनी खिडकीच्या गजाला डोके टेकवले. जकात नाका यायच्या आत त्यांना गाढ झोप लागली होती. नगरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली, ड्रायव्हरही उतरून गेला, तरी ते जागे झाले नाहीत. कंडक्टर आमच्याजवळ आला.

"ओ पाव्हणं, उठवा त्यांला. गाडी डेपोत जायचीय."

"जरा थांबता का?"

"का? आजारी हायेत?"

"नाही," मी म्हणालो. "ड्रायव्हर आहेत."

कंडक्टरने मामांकडे नीट पाहिले. मग तो पुढच्या बाकावर बसला, आणि चपला काढून त्याने पाय वर घेतले.

"मग झोपू द्या," तो म्हणाला.